दम कमावण्याआधी मोजून घ्या: तीव्र स्थूलता आणि श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम

वजन फार वाढलेल्या माणसाला ‘रोज चालायला लागा’ हा सल्ला फुकट आणि भरपूर मिळतो. पण ज्याला पहिला मजला चढताना मध्येच कठडा धरून थांबावं लागतं, चपलेचा पट्टा लावायला वाकलं तरी धाप लागते, त्या माणसानं तो सल्ला पाळायचा कसा? चालणं वाढल्याशिवाय दम वाढत नाही आणि दम वाढल्याशिवाय चालवत नाही. या कोंडीतून बाहेर पडायला मदत करणारा एक व्यायाम आहे. तो खुर्चीत बसून होतो, दिवसातून दहा-पंधरा मिनिटं घेतो आणि त्यानं गुडघ्यांवर ताण येत नाही. तो म्हणजे विरोध देणाऱ्या छोट्या यंत्रातून हवा ओढून करायचा, श्वास घेणाऱ्या स्नायूंचा व्यायाम.

त्यानं वजन उतरत नाही, हे आधीच सांगायला हवं. घोरणंही थांबत नाही. मात्र योग्य माणसानं, मोजून-मापून केला तर चालण्याची सुरुवात सोपी होते, आणि पुढचा खरा फायदा त्या चालण्यातून मिळतो.

हा लेख कुणासाठी?

किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय मिळतो. उंची १.६५ मीटर आणि वजन १२५ किलो असेल तर बीएमआय जवळपास ४६ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ४० आणि त्यापुढचा आकडा स्थूलतेच्या सर्वांत वरच्या वर्गात मोडतो. आपल्याकडे पोटाभोवती चरबी साठण्याची प्रवृत्ती अधिक असल्यामुळे भारतीयांमध्ये २५ पासूनच स्थूलता धरतात आणि त्रासही कमी आकड्यावर सुरू होऊ शकतो. त्यामुळे तुमचा बीएमआय ३६-३७ असेल, पण जिना चढताना दम लागत असेल, तरी पुढचा मजकूर तुमच्यासाठी आहे.

दम का लागतो?

श्वास घेण्याचं मुख्य काम छाती आणि पोट यांच्यामधला घुमटाकार स्नायू करतो. डॉक्टर त्याला डायफ्रॅम म्हणतात, मराठीत श्वासपटल. श्वास घेताना तो खाली सरकतो, बरगड्यांमधले स्नायू छाती फुलवतात आणि हवा आत येते. शांत बसलेलं असताना श्वास सोडायला वेगळे कष्ट पडत नाहीत. ताणलेली छाती आपोआप पूर्वपदावर येते.

पोटात चरबी साठली की श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. छातीवरच्या चरबीमुळे बरगड्याही सहज हलत नाहीत. हापशाच्या दांड्यावर दुसऱ्या कुणी हात दाबून धरला तर प्रत्येक हापसा जड जातो, तसं हे होतं. परिणामी श्वास उथळ आणि भरभर होतो. श्वास सोडल्यावर फुफ्फुसात एरवी शिल्लक राहणारी हवा कमी होते, तळाकडचे वायुकोश मिटू लागतात. आडवं झाल्यावर पोट आणखी वर ढकललं जातं, म्हणून उताणं झोपणं नकोसं होतं.

याची किंमत शरीर प्राणवायूत मोजतं. निरोगी माणूस शांत बसलेला असताना श्वासाच्या कामासाठी एकूण प्राणवायूतला जेमतेम दोन-तीन टक्के वाटा खर्च होतो. अतितीव्र स्थूलता असलेल्या, शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांवर १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्रानं श्वास द्यायला सुरुवात केल्यावर शरीराची प्राणवायूची गरज सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे काही न करता पडून असतानाही एवढा प्राणवायू नुसता श्वास घेण्यात जात होता. चालताना पायांच्या वाट्याला काय उरणार?

यातच एक मेख आहे. तीव्र स्थूलता असलेल्या अनेकांचे श्वासाचे स्नायू तपासले तर त्यांची ताकद नॉर्मल निघते. स्नायू दुबळे नसतात, त्यांच्यावरचं ओझंच अवाढव्य असतं. म्हणून ‘तुमचे स्नायू कमजोर आहेत, हे यंत्र घ्या’ असं कुणी तपासणीशिवाय सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका. व्यायामाचा उपयोग दोन्ही परिस्थितींत होऊ शकतो, पण सुरुवात कुठून करायची आणि किती अपेक्षा ठेवायची, हे मोजल्याखेरीज ठरत नाही.

आधी डॉक्टर, मग यंत्र

दम लागतो म्हणजे वजनच कारणीभूत, हे गृहीत धरू नका. हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉइडचा विकार, दमा, हृदयाचं कमकुवत पंपिंग, फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गाठ, अशी कितीतरी कारणं वजनाच्या आड लपतात. आठवड्या-दोन आठवड्यांत दम अचानक वाढला असेल, एका पायाला सूज आणि दुखणं असेल, छातीत दुखत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर व्यायामाचा विषय बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठा.

झोपेची चौकशी तितकीच महत्त्वाची. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास थांबल्याचं घरच्यांनी पाहिलेलं असणं, सकाळी उठल्यावर डोकं जड होणं, दुपारी बोलता बोलता डुलकी लागणं ही लक्षणं असतील तर झोपेची तपासणी करून घ्या. काहींच्या बाबतीत दिवसाही रक्तातला कार्बन डायऑक्साइड ४५ मिमी पाऱ्याच्या वर राहतो. याला स्थूलताजन्य मंदश्वसन म्हणतात. त्याचा अंदाज घ्यायला डॉक्टर रक्तातलं बायकार्बोनेट बघतात. ते २७ किंवा त्याहून जास्त असेल तर धमनीतल्या रक्ताची तपासणी करतात. या आजारावरचा उपाय म्हणजे रात्री वापरायचं सीपॅप किंवा बायपॅप यंत्र आणि भरीव वजनघट. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात हा विकार मागे हटण्यासाठी २५ ते ३० टक्के वजन उतरून ते टिकणं आवश्यक धरलं आहे. श्वासाचा व्यायाम या दोन्हींची जागा घेत नाही. यंत्र लावून झोपत असाल तर व्यायाम सुरू झाला म्हणून ते बंद करू नका. झोपेच्या गोळ्या आणि दारू अशा माणसाचा श्वास रात्री आणखी मंद करतात, तेव्हा डॉक्टरांना न विचारता गोळी घेऊ नका.

व्यायाम सुरू करण्यापूर्वी छातीविकारतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट तीन गोष्टी नोंदवतात. स्पायरोमेट्रीत फुफ्फुसाची क्षमता कळते. दुसऱ्या चाचणीत पूर्ण श्वास सोडून, बंद नळीतून जीव खाऊन हवा ओढायला सांगतात. त्यात श्वास घेण्याचा कमाल दाब सेंटिमीटर पाण्याच्या मापात मिळतो. पुरुषांत हा आकडा ८० च्या आणि स्त्रियांत ७० च्या वर असेल तर स्नायू लक्षणीय दुबळे असण्याची शक्यता कमी. तिसरी चाचणी सहा मिनिटांच्या चालण्याची. सपाट, लांब व्हरांड्यात सहा मिनिटांत किती मीटर चालता आलं, ते मोजतात. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा.

कुणी हा व्यायाम स्वतःहून करू नये?

फुफ्फुसाला भोक पडून छातीत हवा साठली होती किंवा फुफ्फुसात हवेचे मोठे फुगे आहेत, खोकल्यातून रक्त पडतं, कानाचा पडदा फाटलेला आहे, नुकतीच डोळ्याची, छातीची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, हर्निया आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, छातीतलं दुखणं किंवा हृदयविकार अस्थिर आहे, दमा वारंवार उसळतो, अशा सर्वांनी डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय यंत्राला हात लावू नये. गरोदर स्त्रियांनीही आधी विचारावं.

यंत्र कोणतं?

औषधाच्या दुकानात सहज मिळणारं तीन चेंडूंचं यंत्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. त्याचा उद्देश खोल श्वास घ्यायला लावणं, म्हणजे मिटलेले वायुकोश उघडणं हा आहे. शस्त्रक्रियेनंतर ते उपयोगी पडतं, पण स्नायूंना ताकद येण्याइतका विरोध त्यात नसतो. शिवाय पुष्कळजण त्यात फुंकर मारतात. ते ओढायचं यंत्र आहे, फुंकायचं नव्हे.

स्नायूंच्या व्यायामासाठी स्प्रिंगची झडप असलेलं उपकरण लागतं. फिजिओथेरपिस्ट त्याला ‘थ्रेशोल्ड’ प्रकारचं यंत्र म्हणतात. ठरवलेल्या दाबाइतका जोर लावल्याशिवाय झडप उघडत नाही, त्यामुळे हळू ओढा की जोरात, विरोध तेवढाच राहतो. नुसती लहान-मोठी भोकं असलेल्या स्वस्त उपकरणांत हा भरवसा नाही. त्यात श्वास हळू घेतला की विरोधही कमी होतो आणि व्यायाम झाल्याचं फक्त समाधान मिळतं. स्ट्रॉमधून श्वास ओढण्याचे घरगुती प्रयोग याच कारणासाठी टाळा. बहुतेक साध्या थ्रेशोल्ड उपकरणांवर दाबाची खूणपट्टी ४० सेंटिमीटरच्या आसपास संपते. तुमची कमाल ताकद १२० असेल तर हे लवकर अपुरं पडेल, म्हणून चाचणीचा आकडा हाती आल्यावरच खरेदी करा.

यंत्र एका माणसासाठी एकच. क्षयरोग अजूनही आपल्या आसपास आहे, तेव्हा नवरा-बायकोनंही तोंडाची नळी वाटून वापरू नये. रोज कोमट साबणपाण्यानं धुऊन, झटकून, सावलीत पूर्ण वाळवा.

सराव कसा करायचा?

वेळ जेवणानंतर दोन तासांनी किंवा रिकाम्या पोटी. स्थूल व्यक्तींना आंबट पाणी वर येण्याचा त्रास बरेचदा असतो आणि भरल्या पोटी तो वाढतो.

मजबूत, रुंद, हात नसलेली खुर्ची घ्या. तळवे जमिनीवर टेकवा, गुडघे एकमेकांपासून लांब ठेवा म्हणजे पोटाला पुढे यायला जागा मिळेल. पाठ सरळ, किंचित पुढे झुकलेली. पलंगावर आडवं होऊन किंवा मऊ सोफ्यात रुतून सराव करू नका.

नाकाला चिमटा लावा. कवळी असेल तर काढू नका, नाहीतर ओठ नीट मिटत नाहीत. नळी ओठांनी घट्ट धरा. आधी हवा निवांतपणे, जेवढी जाईल तेवढी बाहेर सोडा. मग एका दमात जोरानं ओढा, झडप उघडल्याचा आवाज ऐकू येईल. छातीच्या खालच्या बरगड्या दोन्ही बाजूंना फुलल्या पाहिजेत. पुन्हा सावकाश सोडा, ढकलू नका. सुरुवातीला समोर आरसा ठेवा. खांदे कानांकडे उचलले जात असतील तर मानेचे स्नायू काम करताहेत आणि श्वासपटल मागे राहतंय.

दोन श्वासांमध्ये घाई करू नका. भराभर ओढत राहिलं तर बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. तसं झालं तर नळी काढा आणि दोन मिनिटं नेहमीसारखा श्वास घ्या.

किती आणि कसं वाढवायचं?

बहुतेक आराखड्यांमध्ये कमाल ताकदीच्या ३० टक्के दाबापासून सुरुवात करतात. तुमचा आकडा ८० असेल तर २४ सेंटिमीटर. सकाळी ३० आणि संध्याकाळी ३० श्वास, आठवड्यातून निदान पाच दिवस. सुरुवातीला तीस श्वास एका दमात जमणार नाहीत. दहा-दहाचे तीन भाग करा आणि मध्ये मिनिटभर विसावा घ्या.

पुढची चढण शरीराला विचारून ठरवा. शून्य म्हणजे काहीच कष्ट नाहीत आणि दहा म्हणजे असह्य कष्ट, अशी मोजपट्टी मनात धरा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांच्या नावानं ती जगभर वापरली जाते. तिसाव्या श्वासाला कष्ट चार ते सहाच्या दरम्यान जाणवले तर दाब बरोबर आहे. सलग दोन-तीन दिवस चारच्या खाली राहिले तर दाब दोन सेंटिमीटरनं वाढवा. सातच्या वर गेले किंवा झडप अर्ध्यातच मिटू लागली तर दोननं कमी करा. असं करत सहा ते आठ आठवड्यांत ५० टक्क्यांपर्यंत, म्हणजे आपल्या उदाहरणात ४० सेंटिमीटरपर्यंत, पोहोचणं चांगली प्रगती समजावी. चौथ्या आठवड्यात कमाल दाब पुन्हा मोजून घ्या. ताकद वाढली असेल तर टक्केवारीचा हिशेबही नव्या आकड्यावर करावा लागतो.

आठ आठवड्यांनंतर आठवड्यातून दोन-तीन दिवस सराव पुरतो. पूर्ण सोडला तर कमावलेली ताकद इतर कुठल्याही स्नायूसारखी ओसरते.

छातीत दुखलं, धडधड वाढली, घेरी आली किंवा ऑक्सिमीटरवरचा आकडा ९० च्या खाली गेला तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढलेलं आणि बोट कोमट असावं, नाहीतर आकडा फसवा येतो.

ताकदीचं चालण्यात रूपांतर

दुसऱ्या आठवड्यापासून सरावाला चालण्याची जोड द्या, नाहीतर वाढलेला आकडा कागदावरच राहील. दोन मिनिटं चाला, एक मिनिट थांबा, असं पाच वेळा. दोन पावलांत श्वास घ्या आणि तीन-चार पावलांत ओठांचा चंबू करून सोडा. चालताना छोटी वाक्यं बोलता येत असतील तर वेग योग्य आहे. दर आठवड्याला चालण्याचा भाग अर्ध्या-एक मिनिटानं वाढवा. दम लागला तर भिंतीला पाठ टेकून किंवा कट्ट्यावर हात ठेवून थोडं पुढे झुका. हातांना आधार मिळाला की छातीचे स्नायू श्वासासाठी मोकळे होतात.

जिना चढताना श्वास रोखू नका. पाऊल वर टाकताना श्वास सोडा. रात्री डोक्याकडचा भाग तीस अंश उंच ठेवून किंवा कुशीवर झोपा.

प्राणायाम करत असाल तर

अनुलोम-विलोम आणि भ्रामरीसारखे संथ प्रकार श्वासाची गती मंदावतात, मनाला निवांत करतात आणि या सरावाबरोबर खुशाल चालू ठेवता येतात. पण त्यांत मोजता येईल असा विरोध नसतो. कपालभातीत तर जोर श्वास सोडण्यावर असतो, म्हणजे मेहनत पोटाचे स्नायू करतात. हर्निया, उच्च रक्तदाब किंवा आंबट पाणी वर येण्याचा त्रास असेल तर ती टाळलेली बरी. ‘मी कपालभाती करतो, मग यंत्र कशाला’ हा हिशेब त्यामुळे जुळत नाही.

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर

बेरिअॅट्रिक शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधीचे काही आठवडे या सरावासाठी उत्तम. भूल आणि पोटावरचे छेद यांमुळे शस्त्रक्रियेनंतर श्वास उथळ होतो, खोकायला भीती वाटते आणि कफ साचतो. ब्राझीलमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेआधी सराव केलेल्या स्त्रियांमध्ये नंतर होणारी श्वासाच्या ताकदीची घसरण कमी राहिली. फुफ्फुसाच्या आकारमानात मात्र फरक पडला नाही. स्थूल आणि जादा वजनाच्या प्रौढांवर झालेला २०१२ मधला अभ्यास याहून आशादायक आहे. त्यात एका गटानं चार आठवडे कमाल ताकदीच्या ५५ टक्के दाबावर सराव केला, दुसऱ्यानं नाममात्र १० टक्क्यांवर. सहा मिनिटांत चालण्याचं अंतर पहिल्या गटात अधिक वाढलं. अभ्यास लहान आहेत, आणि त्यांतून ताकद व चालणं यांबाबत जे दिसतं, त्यापलीकडे या व्यायामाकडून मागू नये.

शस्त्रक्रियेनंतर लवकर उठून बसणं, सर्जनच्या सूचनेप्रमाणे चार पावलं टाकणं, चेंडूंच्या यंत्रावर दर तासाला सावकाश खोल श्वास घेणं आणि पोटावर उशी घट्ट धरून खोकणं महत्त्वाचं. स्प्रिंगचं यंत्र मात्र सर्जन ‘हो’ म्हणेपर्यंत कपाटात ठेवा.

घरच्यांसाठी

दम लागलेल्या माणसाला त्या क्षणी ‘कमी खा म्हणून सांगत होतो’ हे ऐकवू नका. त्याला बोलायलाही हवा पुरत नसते आणि लाज वाटली की तो चालणंच टाळू लागतो. त्यापेक्षा सरावाच्या वेळी आरसा धरा, श्वास मोजा, वहीत नोंद करा. घरात इंडियन टॉयलेट असेल तर कमोड किंवा वर ठेवायची खुर्ची आणि बाजूला धरायला दांडी लावून द्या, कारण उकिडवं बसताना पोट छातीवर दाबतं आणि तिथेच अनेकांना सर्वाधिक धाप लागते. तो रात्री कसा झोपतो, श्वास थांबतो का, हे डॉक्टरांना सांगणारे तुम्हीच असता.

पहिल्या भेटीला जाताना

मोठ्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात छातीविकार आणि फिजिओथेरपी हे दोन्ही विभाग एकाच आवारात मिळू शकतात. खासगीत जाणार असाल तर कार्डिओरेस्पिरेटरी शाखेचं शिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट शोधा. चालू औषधांची यादी, जुने रिपोर्ट आणि झोपेची माहिती देऊ शकणारं घरचं माणूस बरोबर न्या. आणि हे विचारा:

१. माझा दम केवळ वजनामुळे आहे, याची खात्री कोणत्या तपासण्यांनी झाली?
२. माझा श्वास घेण्याचा कमाल दाब किती? सुरुवात कोणत्या दाबावर करू?
३. पहिला सराव मी तुमच्यासमोर करू शकतो का?
४. माझ्या बाबतीत थांबण्याची खूण कोणती?
५. पुन्हा मोजणी कधी?
६. वजन कमी करण्याचा मुख्य उपचार कोणता, आणि हा सराव त्यात कुठे बसतो?

सहाव्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय यंत्राचे पैसे देऊ नका. आहार, औषधं किंवा शस्त्रक्रिया यांचा काहीच बेत नसेल, तर नुसत्या यंत्रानं ओझं तसंच राहतं आणि ते वाहणारा स्नायू तेवढा तयार होतो. बेत ठरला असेल तर वहीच्या पहिल्या पानावर आकड्यांखाली एक काम लिहा, जे आज जमत नाही आणि तीन महिन्यांनी जमायला हवं: बाजारातून भाजी आणणं, न थांबता दुसरा मजला गाठणं, नातवाला शाळेत सोडणं. पुढच्या मोजणीला डॉक्टरांना दाबाच्या आकड्याबरोबर तेही सांगा. दाब वाढूनही ते काम जमत नसेल, तर आराखडा बदलायची वेळ आली आहे.